बुलेटचा सरकणारा क्लच : दुरुस्तीच्या नोंदी

गाडी : बुलेट ३५०, १९८१ची. कास्ट आयर्न इंजिन, चार गिअर, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. मामांची गाडी. गेली काही वर्षं त्यांच्या शेडमध्ये उभी होती, आता माझ्याकडे साताऱ्यात आहे. टाकी, कार्ब्युरेटर, पॉइंट आणि वायरिंग ही कामं दिवाळीच्या सुमारास उरकली. गाडी सुरू होते, आयडलिंगही छान धरते. राहिला तो क्लच.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

गावात चालवताना काही जाणवत नाही. पोवई नाक्यापासून खाली-वर फिरलो, पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी व्यवस्थित ओढते. यवतेश्वरचा घाट लागला आणि दुखणं समोर आलं. तिसऱ्या गिअरला मूठ पिळली की इंजिनाचा आवाज एकदम चढतो, पण वेगाचा काटा जिथल्या तिथे. मूठ सोडली की क्लच पुन्हा धरतो. टॉपला, म्हणजे चौथ्या गिअरला, तर थोड्याशा चढावरही हेच. खालच्या गिअरला गाडी लगेच पळू लागते, म्हणून क्लचवर पूर्ण जोर क्षणभरच येतो. टॉपला चढावर तो जोर सलग येत राहतो. क्लच सुटायला लागला की पहिली बातमी नेहमी वरच्या गिअरमधून येते ती यामुळे.

घरी आल्यावर किकची परीक्षा घेतली. या गाडीत किकचा जोर गिअरबॉक्समधून क्लचमार्फत इंजिनापर्यंत जातो. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका न ओढता पिस्टन कॉम्प्रेशनवर आणला आणि किकवर हळूहळू वजन टाकलं. खरं तर तिथे किक दगडासारखी थांबायला हवी. इथे ती लोण्यातून उतरावी तशी खाली गेली आणि अँमीटरचा (करंट दाखवणारा) काटा जागचा हलला नाही, म्हणजे इंजिन फिरलंच नाही. किकच्या आतली दातरी झिजली तरी किक अशीच फुकट जाते, पण तेव्हा कटकट आवाज येतो आणि पायाला झटके बसतात. इथे आवाज नाही, झटका नाही. शिवाय रस्त्यावर चालत्या गाडीत किकच्या दातरीचा काही संबंधच येत नाही. तेव्हा क्लचच.

मामांना फोन केला. "अरे, प्लेटा टाक नवीन आणि मोकळा हो," म्हणाले. टाकेनही, पण आधी कारण कळू दे. क्लच तीन कारणांनी सुटतो : त्याला पूर्ण दाबू दिलं जात नाही, दाबणारी स्प्रिंग थकलेली असते, किंवा ज्या पृष्ठभागांनी एकमेकांना धरायचं तेच गुळगुळीत किंवा तेलकट झालेले असतात. पहिलं कारण बाहेरून, काही न उघडता तपासता येतं. सुरुवात तिथून.

रविवार, १२ जानेवारी

हँडलवरच्या लिव्हरला मोकळीक अजिबात नाही. बोट लावलं की तार लगेच ताणते. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं तर लिव्हर स्वतःहून किंचित आत येते. म्हणजे त्या स्थितीत क्लच अर्धवट दाबलेलाच असतो. तार नवी आहे, पण टाकीखालून आवळून नेलेली आहे. आधी ती सोडवून हेडच्या पुढून मोकळ्या वळणाने घेतली. आता हँडल दोन्ही बाजूंना फिरवलं तरी ती ताणत नाही.

मिस्त्रीकाका दुपारी चहाला आले. पन्नासेक वर्षं बुलेटवर हात बसलेला माणूस. लिव्हरला बोट लावून म्हणाले, "दादा, ब्रेक झिजला की तार सैल पडती. क्लच झिजला की तार टाइट हुती. लोकं उलटं धरून बसत्यात."

त्याचं कारण असं. क्लच डाव्या बाजूला, लिव्हरची यंत्रणा उजव्या बाजूला, आणि दोघांमध्ये गिअरबॉक्सच्या पोकळ मेनशाफ्टमधून गेलेली लांब दांडी. लिव्हर ओढली की दांडी डावीकडे सरकते आणि प्रेशर प्लेटला (स्प्रिंगच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी) बाहेर ढकलते. प्लेटा झिजल्या की त्यांची चळत पातळ होते, प्रेशर प्लेट आत म्हणजे उजवीकडे बसते आणि दांडीलाही उजवीकडे ढकलते. मधली मोकळीक अशी हळूहळू संपते. ती संपल्यावर स्प्रिंगचा काही जोर प्लेटांऐवजी दांडीवर आणि तारेवर खर्च होतो. मग प्लेटा सरकतात, सरकल्या की तापतात, तापल्या की आणखी झिजतात. मोकळीक ही क्लचची श्वास घ्यायची जागा आहे.

अ‍ॅडजस्टमेंट दोन ठिकाणी आहे आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी तारेवरचा अ‍ॅडजस्टर पूर्ण आत फिरवून तार ढिली केली. मग गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूचं छोटं झाकण काढलं. आत लिव्हर आणि तिच्यातला स्क्रू दिसतो, त्यावर चेकनट, म्हणजे स्क्रू जागी धरून ठेवणारा नट. चेकनट सैल केला, स्क्रू हलक्या हाताने दांडीला टेकेपर्यंत आत घेतला, मग थोडा मागे आणला आणि त्याच जागी धरून चेकनट आवळला. चेकनट आवळताना स्क्रू सोबत फिरतो, म्हणून एका हातात स्क्रूड्रायव्हर पक्का धरायचा आणि आवळून झाल्यावर मोकळीक पुन्हा बघायची. शेवटी तारेवरच्या अ‍ॅडजस्टरने बाकीचा ढिलेपणा काढला, तारेला १/१६ इंच म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास मोकळीक राहील इतपतच.

नुसत्या तारेवर खेळून हे काम होत नाही. स्क्रू आतच दाबलेला असेल तर तार कितीही ढिली करा, आतली लिव्हर चुकीच्या कोनात अडकून राहते.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांतीची सुट्टी. सकाळी यवतेश्वरला गेलो. थंड गाडीला फरक मोठा आहे, तिसऱ्या गिअरला घाटाचा पहिला टप्पा न सुटता चढली. वरच्या वळणांवर मात्र पुन्हा तेच, आणि जळकट वासही. म्हणजे मोकळीक नसणं हे एक कारण होतं, एकमेव नव्हतं.

परतल्यावर गाडी थंड होऊ दिली. मेन स्टँडला सरळ उभी करून डाव्या, म्हणजे क्लचच्या केसच्या लेव्हलचा स्क्रू काढला. लेव्हल बरोबर असेल तर तिथून थेंबभर तेल यावं. इथे धार लागली. खाली ठेवलेला डबा भरत आला तरी ती थांबेना. या केसमध्ये ४२० मिलिलिटरच्या आसपास तेल पुरतं आणि इथे त्याच्या दुपटीहून जास्त होतं. रंग काळा, वास इंजिन ऑइलचा. दुसरीकडे इंजिनाच्या तेलाची काडी बघितली तर लेव्हल खाली गेलेली.

तेल कुठून कुठे गेलं हे यातून स्पष्ट झालं. बुलेटचं तेल क्रँककेसमध्येच घडवलेल्या टाकीत असतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते पंपातून झिरपत क्रँकच्या खोलीत उतरतं. डाव्या बाजूला क्रँकशाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं सील कडक झालं असेल तर पुढची पायरी म्हणजे क्लचची केस. त्यात भर म्हणून ब्रीदरचा (क्रँककेसमधला दाब बाहेर सोडणारी नळी) रबरी डकबिल, म्हणजे तिच्या टोकाचा व्हॉल्व्ह, तपासला, तो प्लास्टिकसारखा ताठ झालाय, ओठ चिकटलेले. क्रँककेसमधला दाब बाहेर पडायला वाट नसेल तर तो सीलमधूनच तेल ढकलतो. डकबिल स्वस्त वस्तू आहे, आणि जुन्या बुलेटच्या निम्म्या तेलगळतीचं मूळ तिथे असतं असं माझं मत होत चाललंय.

हा क्लच तेलातच चालतो, तेलाने त्याचं बिघडत नाही. तेल जास्त झालं आणि चुकीच्या जातीचं असलं की बिघडतं. हल्लीच्या मोटारींच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. इंजिनाला ती फायद्याची, तेलातल्या क्लचला नको असलेली. मोटरसायकलच्या डब्यावर जासो एमए हा शिक्का असतो तो याचसाठी, की हे तेल क्लचला चालतं. या इंजिनात आधी कुठलं तेल होतं ते मामांनाही आठवत नाही.

शनिवार, १८ जानेवारी

डावी केस उघडली. फूटरेस्ट काढला, ब्रेकचा पेडल खाली घेतला. बाहेरचं एवढं मोठं झाकण मधल्या एकाच नटावर उभं असतं. पहिल्यांदा बघणाऱ्याला विश्वास बसत नाही. नट निघाला तरी रबर चिकटून राहतं. तिथे स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं की काठाला खड्डा पडतो आणि मग ते झाकण जन्मभर गळतं. रबरी हातोडीने चहूबाजूंनी हलके ठोके देत राहिलो, शेवटी सुटलं. उरलेलं तेल ट्रेमध्ये.

१९५५ला मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. त्यानंतर कित्येक दशकं या भागाची रचना जवळपास तीच राहिली. त्यामुळे बुलेट मुळात जिथे बनायची त्या इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याचं जुनं मॅन्युअल माझ्या १९८१च्या गाडीला बहुतेक ठिकाणी लागू पडतं. ते उघडं ठेवूनच पुढे गेलो.

समोर अल्टरनेटर, त्यामागे इंजिनाचा स्प्रॉकेट, इंजिनाला क्लचशी जोडणारी चेन आणि मागे क्लच. आधी क्लचवरची स्प्रिंगची टोपी काढली, मग स्प्रिंगा, प्रेशर प्लेट आणि एकेक प्लेट. प्रत्येक प्लेट निघेल तशी वर्तमानपत्रावर त्याच क्रमाने मांडली आणि फोटो काढला. साध्या लोखंडी प्लेटांमध्ये काही सपाट असतात, काही खोलगट. त्यांची अदलाबदल झाली की लिव्हर ओढल्यावर क्लच नीट मोकळाही होत नाही आणि सोडल्यावर नीट धरतही नाही.

काय दिसलं :

घर्षणाच्या प्लेटा काळ्या, आणि उजेडात तिरक्या धरल्या की आरशासारख्या चमकतात. नखाने ओरखडलं तर नख घसरतं. पेट्रोलने धुतल्यावरही चमक तशीच. कडेचा थर एका ठिकाणी सुटायला आलाय. या जाणार.

लोखंडी प्लेटांवर निळसर ठिपके, तापल्याची खूण. सपाट प्लेट जाड काचेवर ठेवून चारी बाजूंनी फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघितला. एक हलते, बाकीच्या बसतात. हलणारी बाद. बाकीच्या काचेवर पॉलिश पेपर अंथरून गोल गोल फिरवत घासल्या, चमक जाऊन बारीक खरखरीत रंग येईपर्यंत.

स्प्रिंगा उभ्या ओळीत ठेवून वर सरळ पट्टी धरली. पट्टी तिरकी बसली. सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत उंच यांच्यात व्हर्निअरवर दीड मिलिमीटरचा फरक आला. म्हणजे प्रेशर प्लेटवर दाब एकसारखा पडत नव्हता.

ड्रमच्या खाचांना प्लेटांच्या दातांनी पडलेले व्रण आहेत, पण उथळ. बारीक कानसीने कडा सारख्या केल्या. खोल खड्डे असते तर प्लेट तिथे अडकून बसली असती.

चेनमध्ये ढिलाई बरीच आहे. ती खालच्या टेन्शनरने जुळवता येते, शेवटी बघेन.

रविवार, १९ जानेवारी

सीलचं काम. चेन अखंड असल्यामुळे इंजिनाचा स्प्रॉकेट, क्लचचा स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच बाहेर काढावी लागतात. अल्टरनेटरचा स्टेटर (स्थिर भाग), रोटर (फिरणारा भाग), मग दोन्हीकडचे नट. क्लचच्या मधल्या नटाचा वॉशर दुमडलेला असतो, तो आधी सरळ करायचा. हब ओढायला पुलर मिस्त्रीकाकांकडून आणला. त्यांनी देतानाच बजावलं, "हातोडीनं मारू नका, शाफ्टाचं तोंड फुलंल." आतली केस काढल्यावर सील दिसलं. बाहेर काढून चिमटीत वाकवलं तर तडकलं. सील ज्या भागावर घासतं त्यावरून बोटाचं पेर फिरवून पाहिलं, खाच लागलेली नाही. लागली असती तर नव्या सीलनेही तेल थांबलं नसतं.

नवीन सील सपाट ठोकळ्याने सरळ बसवलं, ओठाला तेल लावून. डकबिलही नवीन, नळी आतून साफ केली.

रविवार, २६ जानेवारी

काल पुण्यात नाना पेठेत गेलो होतो. घर्षणाच्या प्लेटांचा संच, स्प्रिंगांचा पूर्ण संच, एक साधी प्लेट, झाकणाचं रबर, दुमडायचा वॉशर. जुनी प्लेट खिशात घेऊन गेलो होतो. दुकानातच व्हर्निअरने जुन्या-नव्याची जाडी मोजली आणि दात ड्रमच्या मापाचे आहेत की नाही ते बघितलं. नवीन मॉडेलच्या प्लेटा दिसायला सारख्या असतात.

दुकानदार जास्त ताणाच्या स्प्रिंगा घ्या म्हणून मागे लागला होता : "एकदा टाका, आयुष्यात क्लच सुटणार नाही." मी त्या घेतल्या नाहीत. ३४६ सीसीच्या, जेमतेम १८ हॉर्सपॉवरच्या इंजिनाला मूळ ताणाच्या स्प्रिंगा पुरतात, कारखान्याने त्या तशाच दिल्या होत्या. कडक स्प्रिंगेने सुटणारा क्लच काही दिवस धरेल, पण तेल गळत राहील, तार तुटेल, दांडीचं टोक फुलेल आणि सिग्नलला डावा हात भरून येईल. दुखणं झाकणारा इलाज मला या गाडीवर करायचा नाही. मामांनी ती इतकी वर्षं मूळ स्थितीत जपलीय.

शनिवार, १ फेब्रुवारी

नव्या घर्षणाच्या प्लेटा रात्रभर तेलात बुडवून ठेवल्या होत्या. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच घाटात जळतात.

कुठलं तेल, यावर काकांशी बराच वेळ बोलणं झालं. त्यांचं म्हणणं, पूर्वीपासून ट्वेंटी-फोर्टी इंजिन ऑइल घालतोय, तेच घाला. माझा कल एटीएफकडे, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलाकडे. पातळ असतं, थंडीत प्लेटा चिकटत नाहीत, आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्येही तेलातल्या प्लेटांनाच धरायचं असतं. मधल्या काळात कारखान्यानेही चार गिअरच्या गाड्यांच्या या केससाठी एटीएफ सांगितलं होतं. काका शेवटी म्हणाले, "घाला. सील धरलं असंल तर दोन्ही चालतंय, आणि नसंल धरलं तर एक पण चालत नाय." एटीएफ लाल असतं हा आणखी एक फायदा : इंजिनाचं काळं तेल पुन्हा आत आलं तर रंगावरूनच कळेल.

जुळणी उलट क्रमाने. टेन्शनरने चेनची ढिलाई वरच्या बाजूला पाव इंच ठेवली. चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते, म्हणून इंजिन फिरवत सगळ्यांत घट्ट जागा शोधून तिथे मोजली. स्टेटर बसवताना रोटरभोवती ८ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फिलर गेज सगळीकडून फिरतो ना ते पाहिलं. एका बाजूला अडकत होता, स्टडवरचे नट सैल करून स्टेटर हलकेच सरकवला.

स्प्रिंगांच्या टोपीचे स्क्रू मात्र नीट समजून घ्यायला हवेत. कमीजास्त आवळून ताण ठरवायचा, असं बऱ्याच जणांना वाटतं. आत अंतर राखणाऱ्या नळ्या आहेत. स्क्रू त्यांना टेकेपर्यंत, पूर्ण घट्ट, एवढंच करायचं. मी सगळे थोडे थोडे, आळीपाळीने आवळत नेले, म्हणजे टोपी तिरकी बसत नाही.

मग झाकण लावायच्या आधीची तपासणी. मुलीला हँडलवरची लिव्हर ओढायला सांगितली आणि मी किक हाताने फिरवत प्रेशर प्लेटच्या कडेकडे बघत राहिलो. "बाबा, किती वेळ धरू?" विचारेपर्यंत तिला धरायला लावलं. प्लेट सगळीकडून सारखी उचलली जाते. एका बाजूला जास्त उचलली असती तर टोपी पुन्हा उघडावी लागली असती.

रबर कोरडं पुसून खाचेत बसवलं, झाकण लावलं, मधला नट आवळला. अति आवळला की झाकणाचं पोट आत जातं आणि कडा उघडते, त्यामुळे रबर दाबलं गेल्याचं हाताला कळलं तिथेच थांबलो. ४२० मिलिलिटर एटीएफ मोजून घातलं. लेव्हलच्या स्क्रूपाशी थेंब आला.

शेवटी उजव्या बाजूचा स्क्रू आणि तार, दोन्ही अ‍ॅडजस्टमेंट पहिल्यापासून. प्लेटांची चळत आता जाड झालीय, जुनी मापं उपयोगाची नाहीत.

कॉम्प्रेशनवर किकला उभा राहिलो. माझं पूर्ण वजन घेऊन किक थांबली.

रविवार, २ फेब्रुवारी

पहिले काही किलोमीटर सपाट रस्त्यावरच, मूठ जास्त न पिळता. प्लेटा एकमेकींवर बसायला थोडा वेळ लागतो. थंड गाडीत पहिला गिअर टाकताना आधी मोठा खटका बसायचा, तो बराच कमी झालाय. संध्याकाळी मोकळीक पुन्हा बघितली, कमी झाली होती. नव्या प्लेटांत हे अपेक्षितच. उजवीकडचं छोटं झाकण उघडून स्क्रू किंचित मागे घेतला.

रविवार, ९ फेब्रुवारी

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी. मुद्दाम ऊन चढल्यावर निघालो, मागे मामांना बसवून. खालच्या वळणांपासून तिसऱ्या गिअरला लावली आणि जिथे ती टॉप घेईल असं वाटलं तिथे टॉप टाकून मूठ पिळत गेलो. आवाज आणि वेग बरोबरच चढतात. एका ठिकाणी बसच्या मागे जवळजवळ थांबून पुन्हा ओढावं लागलं, दोन माणसांचं ओझं घेऊनही सुटला नाही. वास नाही. मामा पाठीमागून ओरडले, "आता ओढतीय बघ पहिल्यासारखी!"

वर पोचल्यावर लिव्हरला मोकळीक सकाळइतकीच होती.

परत आल्यावर गाडी थंड करून लेव्हलचा स्क्रू काढला. थेंब आला, लाल, स्वच्छ. इंजिनाच्या काडीवर लेव्हल जागेवर.

अजून बाकी : गिअरबॉक्समधलं जुनं ग्रीस काढून नवीन भरायचंय. उजव्या झाकणाच्या गॅस्केटपाशी किंचित ओल दिसते, तेव्हाच ते गॅस्केटही बदलेन. मागची चेन एका जागी घट्ट, एका जागी सैल आहे. स्प्रॉकेटचे दातही पुढे झुकलेत, पुढच्या पुणे फेरीत दोन्ही आणायचे. क्लचची मोकळीक ५०० किलोमीटरनंतर पुन्हा.